पांढरीची साक्ष

मी एक पाटी बोलतेय. पाटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर शाळेतली काळी पाटी आली असेल, तर ती आधी पुसून टाका. मी पांढरी आहे, आणि माझ्यावर कुणी कधी एक अक्षरही लिहिलेलं नाही. लिहिणं राहिलं बाजूला, मला बोटसुद्धा लावायचं नाही असा दंडक होता. सोवळ्यातच वाढले म्हणा ना.

माझा जन्म परदेशातला. तिथल्या एका कारखान्यात बारीक पांढरी भुकटी साच्यात घालून दाबली, भट्टीत भाजली, घासून चौकोनी केली आणि काळ्या चौकटीत बसवली. आकाराने मी पोळपाटाएवढी. माझ्यावर जितका उजेड पडेल तितका जवळजवळ सगळा मी परत देते, आणि चहूकडे सारखा वाटते. निळा असो, हिरवा असो, तांबडा असो, की तांबड्याच्याही पलीकडचा, माणसांना न दिसणारा असो. कुणाचं काही ठेवून घ्यायचं नाही, कुणाशी दुजाभाव करायचा नाही, हा माझा गुण. दुसरं मला काही येत नाही, आणि आलं पाहिजे असं कधी वाटलंही नाही.

पुढे मी अमरावतीला आले, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत. पेटी उघडली ती रागिणीने. उपग्रहांनी काढलेल्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास करणं हे तिचं काम. मी दिसल्याबरोबर तिने आधी स्वतःचे हात पाठीमागे नेले आणि मग नुसती बघत राहिली. मला तेव्हाच ती आवडली.

माझं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी. ते उच्चारायचा कंटाळा करून रागिणीने मला 'पांढरी' म्हणायला सुरुवात केली. "कुलदीप, पांढरी घेतली का?" "कुलदीप, पांढरीवर सावली पडून राह्यली, सरक." कुलदीप हा तिचा सहकारी. उजेड मोजायचं यंत्र तो धरायचा, मला ती सांभाळायची. नाव पडलं ते रंगावरून, कामाच्या घाईत. पण वऱ्हाडात या शब्दाला आधीचा अर्थ आहे. पिकाची जमीन ती काळी, आणि गाव वसलेलं असतं ती जागा पांढरी. काळी पोसते, पांढरी आसरा देते. जुनी माणसं शपथ घेत ती काळी-पांढरीची. रागिणीला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण माझ्या चौकटीकडे बघताना तिला ते कधी आठवलं नाही.

आता माझं काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

आकाशात एक म्हातारा उपग्रह होता. रागिणी शाळेत जात होती तेव्हा तो वर गेला. चार-पाच वर्षं टिकला तरी पुष्कळ, अशा बोलीवर पाठवलेला, पण गडी चिवट निघाला. पृथ्वीभोवती फिरत राहिला, आणि ठरलेल्या दिवशी वऱ्हाडावरून जाताना खालच्या शिवारांची चित्रं काढत राहिला. कोणतं वावर कधी हिरवं होतं, कोणत्या विहिरीभोवती संत्र्याची बाग होती आणि कधी वाळली, हे सगळं त्याने पाहून ठेवलं. पण वय कुणाला चुकलंय? वर ऊन कडक आणि आडोसा कसला नाही. त्याचा डोळा मंद होत गेला. डोळा तपासायला त्याच्या पोटात माझ्यासारखीच एक पांढरी पाटी बसवली होती. उन्हाने तीही पिवळी पडली. रोग्याची नजर गेली आणि डोळ्याच्या डॉक्टरचीही गेली, तर मग विचारायचं कुणाला?

म्हणून जमिनीवरून तपासायचं. म्हातारा ज्या दिवशी डोक्यावरून जायचा, त्या दिवशी रागिणी आणि कुलदीप एका मोकळ्या वावरात मला घेऊन उभे राहत. यंत्राची नळी आधी माझ्यावर धरायची, मग मातीवर. माझ्यावरून पूर्ण उजेड किती ते कळे, आणि त्याच्या मानाने माती किती परत देते तेही कळे. म्हाताऱ्याला तीच माती वरून कशी दिसली ते ताडून पाहिलं की त्याचा डोळा किती चुकतोय हे उमगे. बाजारात काट्यावर शंका आली की शिक्क्याचं वजन आणून ठेवतात. ते शिक्क्याचं वजन म्हणजे मी.

ते वावर होतं हिवरखेडच्या शिवारात, खुशालरावांचं. सपाट, लांबरुंद, काळंभोर. पावसाळ्यात खुशालराव त्यातला मोठा तुकडा रिकामा ठेवत आणि दसऱ्यानंतर जमिनीच्या ओलीवर हरभरा पेरत. त्यामुळे दसऱ्याच्या आगेमागे तिथे नुसती वखरलेली काळी माती असे, आणि आम्हाला हवी होती ती तशीच. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, आणि मधे ही काळी. दरवर्षी तिथे जाऊन जाऊन मलाही ती ओळखीची झाली. मी सगळं देऊन टाकणारी, ती सगळं पिऊन घेणारी. पण आमचं जमायचं.

खुशालराव बोलायला करडे. खांद्यावर दुपट्टा टाकून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहत आणि आमचा खेळ बघत. त्यांच्या पत्नी आशाबाई मात्र पहिल्याच वर्षी घरच्या झाल्या. पेटी ओसरीवर ठेवली की त्या आधी खालची जागा झाडून घेत. रागिणीने एकदा सांगितलं होतं, "काकू, हिले हात नाई लावायचा बरं, बोटाचं तेल लागते." ते त्यांनी कधी मोडलं नाही. कुणी पाहुणा पेटीजवळ गेला तर त्याच डाफरत, "ओ भाऊ, दूर! ते पांढरी हाय. हात नाई चालत तिले." दिवे लावताना पेटीकडे बघून हात जोडत, ते मात्र आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं. पण मला वाटलं, देव्हारा माझ्या मागच्या भिंतीला असेल.

एके वर्षी रागिणीने लॅपटॉपवर खुशालरावांना त्यांचंच वावर दाखवलं. आधी म्हाताऱ्याच्या तरुणपणीचं चित्र, मग अलीकडचं. पहिल्यात वावर काळंकुट्ट होतं. दुसऱ्यात राखाडी, कडेला तर पांढुरकं.

"हे माहंच वावर हाय?"

"तुमचंच काका."

"मंग असं पांढरट काहून दिसते?"

रागिणीने सांगितलं, "दोन गोष्टी असू शकतात. एक तं जमिनीतला खार वर आला असन. नाई तं म्हाताऱ्याची चूक असन. त्याचा डोळा मंद झाला म्हणून आमी त्याच्या चित्रात उजेड वाढवून धरतो. तो जरा जास्ती धरला गेला, तं काळी जमीन बी फिक्कट दिसते."

खुशालराव कितीतरी वेळ त्या चित्राकडे बघत राहिले. अंकुर, त्यांचा मुलगा, पाळण्यात होता त्या वर्षी त्यांनी वावरात बोअर मारला होता. पाणी भरपूर लागलं, पण मचूळ. त्या भागात जमिनीच्या पोटात खारच आहे. आशाबाईंनी तेव्हाच म्हटलं होतं, की हे पाणी काळीला पाजू नका, ती कोळपेल. खुशालरावांनी ऐकलं नाही. कपाशीला शेवटचं पाणी मिळायला लागलं, घर वर आलं, अंकुर पुण्याला शिकायला गेला. त्यानंतर आशाबाई त्याबद्दल बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत हेच खुशालरावांना टोचत असणार.

"म्हंजे माह्या बोअरनं काळीची पांढरी केली, का त्या वरच्याच्या डोयानं केली, हे कसं कळन?" त्यांनी विचारलं.

आजचा खार काय, माती तपासली तरी कळतो. पण बोअरच्या आधी तो किती होता हे कुणी तपासून ठेवलं नव्हतं. ते फक्त म्हाताऱ्याने वरून पाहिलं होतं. त्याच्या नजरेतली चूक नेमकी कळली, तरच त्याचं जुनं पाहिलेलं खरं धरता येणार होतं.

"त्यासाठीच तं पांढरी हाय न काका," रागिणी म्हणाली.

खुशालराव पहिल्यांदा माझ्याजवळ आले, उकिडवे बसले आणि म्हणाले, "काळीची साक्ष पांढरी देईन म्हण. बरोबर हाय." खरं सांगते, त्या दिवशी मला माझ्या पांढरेपणाचा फार गर्व वाटला.

मग बातमी आली की नवा उपग्रह वर गेला आहे. काही महिने तो म्हाताऱ्याच्या मागोमाग फिरणार होता, म्हणजे दोघांनी तीच जमीन लागोपाठ बघायची. मग म्हाताऱ्याला कायमचं बंद करायचं. दोघं एकापाठोपाठ डोक्यावरून जात असताना खाली आम्ही मोजलं, तर म्हाताऱ्याची नजर नव्याच्या नजरेला जोडता येणार होती. आमच्या दरवर्षीच्या मोजण्यांवरून त्याची चूक ढोबळ कळे, पण नव्याशी जोडणी झाली की मागच्या सगळ्या वर्षांची चित्रं नेमकी दुरुस्त करता येतील, असं रागिणीचं म्हणणं. इतकी वर्षं ती ज्यासाठी उन्हात उभी राहिली, ते हेच.

पावसाळ्यात ते दोघे वरून गेले, पण मधे ढग. पुन्हा गेले, पुन्हा ढग. शेवटचा योग उरला तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. पुढच्या फेरीला म्हातारा असणार नव्हता.

खुशालरावांच्या वावराला वापसा आला होता, माती पेरणीजोगी झाली होती. आजूबाजूला पेरणीच्या तिफणी चालू झाल्या होत्या. शेजारी येऊन बोलून जात, "खुशालभाऊ, ओल उडून चालली नं. कोणाची वाट पाहून राह्यले?" खुशालराव आभाळाकडे बोट दाखवत. लोक हसत. पण त्यांनी पेरणी थांबवली ती थांबवलीच. त्यांना उत्तर हवं होतं.

नवमीला आम्ही वावरात रंगीत तालीम केली. सगळं ठाकठीक होतं. दसऱ्याला रागिणीला घरी, अमरावतीला जायचं होतं. आई एकटी होती. ती पेटी उचलायला लागली तशा आशाबाई मधे आल्या.

"रस्ता पाह्यला का तुवा? पेटी धडधड करत जाईन अन् धडधड करत येईन. ठेवून जा माह्यापाशी."

रागिणीलाही ते पटलं. गाडीत बसता बसता ती म्हणाली, "काकू, पांढरीले सांभाळा बरं. परवाचा सारा खेळ तिच्यावरच हाय."

"तू बिलकुल काळजी नोको करू माय," आशाबाई म्हणाल्या.

यात कुणाचं काय चुकलं सांगा. मी पुष्कळ विचार केला, मला सापडलं नाही. रागिणीने पांढरी म्हटलं ती पाटी, आशाबाईंनी ऐकलं ती गावाला आसरा देणारी पांढरी. रागिणीने सांभाळा म्हटलं, आणि आशाबाईंच्या घरी सांभाळण्याची जी रीत होती ती त्यांनी केली.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी अंगण सारवलं, रांगोळी घातली आणि घरातली सगळी औजारं धुऊन ओळीने मांडली. तिफण, वखर, डवरा, विळे, सब्बल. फवारणीचा पंप. अंकुरची जुनी मोटरसायकल, तिच्या हँडलला झेंडूचा हार. प्रत्येकाला हळद-कुंकू, अक्षता, फूल. शेवटी त्या ओसरीवर आल्या आणि माझ्या पेटीसमोर बसल्या.

"तू बी तं औजारच हाय न वं," त्या माझ्याशी बोलू लागल्या. "साऱ्यायले लावलं अन् तुलेच नाई लावलं, तं उद्या रुसून बसशीन. उद्या तं तुलेच बोलाचं हाय. आमच्या काळीसाठी बोलाचं हाय."

त्यांनी पुन्हा हात धुतले. पेटीचे खटके काढले. चौकटीला धरून मला अलगद बाहेर घेतलं आणि भिंतीला टेकवून उभं केलं. माझ्या अंगाला त्यांचं नखसुद्धा लागलं नाही. हात लावायचा नाही हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं. म्हणून त्यांनी झेंडूचं फूल घेतलं, ओल्या हळदीत बुडवलं आणि त्या फुलाने माझ्यावर स्वस्तिक काढलं. मग कुंकवाचे ठिपके. हळद पातळ होती. ती ओघळली, खालपर्यंत आली.

मला ओरडावंसं वाटलं. फुलाचा गार स्पर्श झाला तेव्हाच मी ओळखलं होतं, की आता संपलं. मी भाजलेल्या भुकटीची, सच्छिद्र. आत गेलेली हळद माझ्यातून सहजी निघायची नाही. पण दुसरंही सांगते, कारण लपवून काय करू? माझ्यापुढे तोवर जी माणसं आली ती माझ्याकडून काहीतरी काढून घ्यायला आली होती. माझ्यासमोर हात जोडून, डोळे मिटून बसलेलं ते पहिलं माणूस. माझा सत्यानाश होत होता आणि मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रागिणी आणि कुलदीप आले. आशाबाईंनी आधी आपट्याची पानं हातात दिली, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." मग कौतुकाने पेटीकडे बोट दाखवलं. कुलदीपने झाकण उघडलं.

"मॅडम," एवढंच तो म्हणाला.

रागिणी आली, वाकली. तिचा चेहरा पांढरा झाला, अगदी माझ्यासारखा, म्हणजे आदल्या दिवशीच्या माझ्यासारखा. मागे आशाबाई उभ्या होत्या.

"फुलानं लावलं बरं का. हात नाई लावला म्या."

 रागिणी वळून त्यांच्याकडे बघत म्हणाली, "मस्त केली काकू पूजा. थोडी पुसून घेतो आता, उजेड नीट पडला पाह्यजे म्हणून."

घरामागच्या टाक्यापाशी नेऊन त्यांनी मला धारेखाली धरलं. कुंकू वाहून गेलं, हळद राहिली. मग रागिणीने बारीक घासकागद काढला. तो होताच तिच्या पिशवीत, आजवर कधी लागला नव्हता.

"मॅडम, हिच्यावर आता भरोसा कसा ठेवाचा?" कुलदीप दबक्या आवाजात म्हणाला.

"दुसरी हाय का तुह्यापाशी?"

"नाई."

"मंग पाणी टाक."

ती घासत होती आणि माझं पांढरं पाणी मोरीतून वाहून जात होतं. पिवळा रंग फिका होत गेला, पण गेला नाही. स्वस्तिक ओळखू येत नव्हतं, तरी मी नुसती पांढरीही नव्हते. साईसारखी झाले होते. वेळ झाली होती. तिने मला तसंच वावरात नेलं.

पुढे म्हातारा, मागे नवा. वर काही दिसत नव्हतं, कधीच दिसत नाही. खुशालराव धुऱ्यावरून विचारत होते, "गेला का?"

"गेला काका."

"अन् दुसरा?"

"मागंच हाय."

यंत्राची नळी माझ्यावर आली, मातीवर गेली, पुन्हा माझ्यावर आली. मला जे येतं ते मी केलं. पण निळा उजेड माझ्यावर पडला की त्यातला काही मी गिळत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं काहीतरी ठेवून घेत होते. आणि त्याहून वाईट म्हणजे ऊन. हळदीचा डाग उन्हात उडतो, हे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे. माझाही उडत होता. मोजणी चालू असतानाच मी क्षणाक्षणाला पांढरी होत होते. सकाळची मी आणि दुपारची मी, आम्हा दोघींची साक्ष जुळेना.

ते रागिणीच्याही लक्षात आलं. तिने यंत्राच्या पडद्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा ताडून पाहिले आणि मग यंत्र बंद केलं. कुलदीपने सामान आवरलं.

म्हाताऱ्याला ठरल्याप्रमाणे बंद केलं. खुशालरावांनी दुसऱ्या दिवशी पेरणी केली, पण वरची ओल उडाली होती. हरभरा विरळ उगवला. मला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवलं. तोवर माझी हळद उडून गेली होती. तिथून उत्तर आलं की तांबड्या उजेडात आणि त्याच्या पलीकडे मी ठीक आहे, निळ्यात जेमतेम. पण त्या सकाळी, त्या घडीला मी किती पिवळी होते, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. आणि मातीवर आलेला पांढरा खार ओळखू येतो तो निळ्याच उजेडात. तांबड्याच्या बाजूची जोडणी जमली. पिकांच्या हिरवेपणाचं सगळं जुनं काम वाचलं, रागिणीच्या लोकांनी तिचं कौतुकही केलं. नेमका खुशालरावांचा प्रश्न तेवढा बाहेर राहिला.

हे सांगायला रागिणी स्वतः हिवरखेडला आली. फोनवर सांगता आलं असतं, पण तिला ते बरं वाटलं नाही. मलाही घेऊन आली, कारण प्रयोगशाळेत आता माझं काम नव्हतं. ओसरीवर खुशालराव बसले होते. आशाबाई चहा घेऊन दाराशी आल्या होत्या.

"बोल पोरी. काळी पांढरी झाली का नाई?"

"सांगता येत नाई काका."

"म्हंजे? व्हय असन तं व्हय म्हण, नाई असन तं नाई म्हण. माणसाले कायतरी एक पाह्यजे."

"खरंच सांगता येत नाई. मापच चुकलं त्या दिवशी."

"काहून चुकलं? म्या पेरणी थांबवली, तुमी उन्हात उभे राह्यले, ढग नोयता. मंग काहून चुकलं?"

रागिणी माझ्या पेटीच्या खटक्याशी चाळा करू लागली.  खुशालरावांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तोंडातल्या तोंडात बोलली, "पांढरी खराब झाली होती काका, जरा."

"कशानं?" हे विचारलं आशाबाईंनी.

 रागिणीने काहीही सांगितलं असतं, धूळ म्हणाली असती, पाणी म्हणाली असती, तरी चाललं असतं. पण तिला खोटं बोलायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात आशाबाईंना कळलं.  त्यांनी हातातल्या चहाच्या बशा खाली ठेवल्या.

"हात नाई लावला माय म्या," त्या म्हणाल्या. "फुलानं लावलं होतं. फुलानं."

रागिणी उठून त्यांच्याजवळ गेली. "काकू, तुमची काई चूक नाई. म्याच तुमाले सांभाळा म्हटलं होतं." पण आशाबाई तिच्याकडे बघतच नव्हत्या. नवऱ्याकडे बघत होत्या.

 खुशालराव दुपट्ट्याने तोंड पुसून म्हणाले, "अंकुरची माय, तू रडू नोको. पूजा केली, पाप नाई केलं. अन् साक्षीदार नाई भेटला म्हणून गुन्हाच झाला नाई, असं थोडंच अस्ते? मले बी डोये हायेत. धुऱ्याकडच्या मातीची ढेप म्या जिभेवर ठेवून पाह्यली हाय."

चार दिवसांनी त्यांनी बोअरमधली मोटार उपसून काढली आणि वर झाकण बसवून टाकलं. गावाने वेड्यात काढलं. अंकुरने पुण्याहून फोन करून पाहिला. ते बधले नाहीत. आता त्यांच्या कपाशीला शेवटचं पाणी मिळत नाही, बोंडं लहान राहतात.

माझं दुःख इथे आहे. तुम्ही म्हणाल, खार टळला, चांगलंच झालं. झालंही असेल. पण मला हे माहीत नाही, आणि त्यांनाही माहीत नाही. जिभेला खार लागला तो आजचा. तो बोअरच्या आधीही तिथे असेल तर? म्हाताऱ्याच्याच डोळ्यात खोट असेल, आणि काळी होती तशीच असेल, तर? मग त्या माणसाने नसलेल्या अपराधाची शिक्षा स्वतःला दिली. एका सकाळी मी धड असते, तर एकतर त्यांची सुटका झाली असती, नाहीतर त्यांना त्यांचा गुन्हा नीट तोंडावर कळला असता. दोन्हींपैकी एकही माझ्याच्याने झालं नाही. काळीची साक्ष पांढरी देणार होती, आणि ऐन वेळी पांढरीचं तोंड पिवळं होतं.

रागिणीने मला आशाबाईंपाशीच ठेवलं. कॉलेजात नवी पाटी आली आहे. तिला कुणी टोपणनाव ठेवलेलं नाही, असं रागिणी परवा सांगत होती. ती अजूनही सणावाराला येऊन जाते, काकूंच्या हातचं खाते, पण दोघी त्या विषयावर बोलत नाहीत.

इथे मी ओसरीवर एका खिळ्याला टांगलेली असते. उन्हाने आता मी पुष्कळ पांढरी झालेय. दुपारी अंगणातलं ऊन माझ्यावर पडलं की समोरचा कोनाडा उजळतो. आशाबाई तिथे तांदूळ निवडायला बसतात.

यंदाच्या दसऱ्याला त्यांनी पुन्हा सगळी औजारं धुतली, मांडली. उपसलेली मोटारसुद्धा धुऊन ओळीत ठेवली, तिलाही कुंकू लावलं. मलाही खिळ्यावरून काढून, चौकटीला धरून, ओळीच्या शेवटी आणून ठेवलं. एकेकाला हळद-कुंकू लावत त्या माझ्यापर्यंत आल्या. हातात झेंडूचं फूल होतं. त्या थांबल्या. फूल तसंच ताटात परत ठेवलं, पदराला हात पुसले आणि लांबूनच नमस्कार करून आत निघून गेल्या.

मला बोलता येतं, पण त्यांना ऐकू जात नाही. तुम्ही वाचताय, म्हणून तुमच्याजवळ मागणं मागते. कधी हिवरखेडकडे आलात, तर खुशालरावांचं घर विचारा, कुणीही दाखवील. आशाबाईंना माझा निरोप सांगा. म्हणावं, ती पाटी आता कुणाचं काही मोजत नाही. तिच्यावर आता कुणाचा न्याय टांगलेला नाही. पुढच्या दसऱ्याला सगळ्यांना लावाल, तेव्हा तिलाही लावा. आणि फुलाने नको म्हणावं, बोटाने लावा.